पश्चिमेच्या खिडक्या

रायगोंडा पाटलांच्या हॉटेलातल्या पश्चिमेच्या तिन्ही खिडक्या मी बंद केल्या, त्याची ही गोष्ट आहे. खिडक्या बंद करणं माझ्या धंद्यात काही विशेष नाही. पश्चिमेचं ऊन दुपारनंतर हॉलमध्ये घुसतं, एसीवर लोड येतो, गिऱ्हाईक डोळ्यांवर हात धरून जेवतं. शिवाय बाहेर दिवस आहे का रात्र हे कळलं नाही, तर माणूस जरा जास्त वेळ बसतो आणि आणखी एक काहीतरी मागवतो. हे मला कुणी शिकवलं नाही. कामं करता करता समजलं.

मी साताऱ्याचा. हॉटेलांचं इंटिरियर करतो. हॉटेल, लॉज, खानावळ, मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल, एवढंच. घरं मी कधी केली नाहीत. आधी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो. मग हायवे चौपदरी झाला. रस्त्याकडेची हॉटेलं तुटली आणि मालकांनी मागं सरकून नवी बांधली. प्रत्येकाला जुन्यापेक्षा बरं काहीतरी पाहिजे होतं आणि सातारा ते पेठ नाका या पट्ट्यात तसलं काम करणारा तेव्हा दुसरा कुणी नव्हता. आता सहापदरी चाललाय, परत हॉटेलं तुटतायत. मी म्हणायचो, रस्त्यानं आपलं पोट भरलं. राजेश्वरी म्हणायची, रस्त्यानं नव्हे, रस्सा ओरपणाऱ्यांनी.

राजेश्वरी माझी बायको. मागच्या आषाढात गेली.

आमची कामाची एक पद्धत होती. नवीन काम आलं की पहिल्यांदा जागेवर जायचं नाही, मालकाच्या घरी जायचं, आणि दोघांनी जायचं. मी बाहेर सोप्यात मालकाशी बोलत बसायचो. नकाशा पसरायचा, तो गुंडाळू नये म्हणून कोपऱ्यावर चहाचे कप ठेवायचे. राजेश्वरी आत जायची. आत म्हणजे स्वयंपाकघरात. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला की मी समजायचो, काम सुरू झालं.

येताना गाडीत ती बोलायची आणि मी चालवत ऐकायचो. कराडच्या कामाला म्हणाली होती, त्या घरातल्या सासूबाई हॉटेलात जेवायला जायला मागत नाहीत, कारण खुर्चीवर पाय लोंबकळतात आणि गुडघे धरतात. मी त्या हॉटेलात भिंतीच्या कडेनं मांडी घालून बसता येईल इतकं रुंद बाक केलं. नंतर ते सगळीकडेच मागायला लागले. सुतार लोक त्याला लालासाहेब बाक म्हणतात. लालासाहेब माझं नाव. बाक तिचं.

इस्लामपूरला एका अख्खा मसूरच्या हॉटेलात मी फॅमिली सेक्शनचं पार्टिशन केलं होतं. ती एक ताट जेवली आणि म्हणाली, बसलेल्या बाईचं डोकं वरनं दिसतं. गल्ल्यापाशी सासरचं कुणी येऊन उभं राहिलं की तिचा घास हातातच राहतो. एक वीत वाढवा. मी वाढवलं. असं सगळं काम चालायचं. नकाशात तिला रस नव्हता. कोण कुठं बसून नीट जेवतं आणि कोण जेवत नाही, एवढंच ती बघायची.

डोकं दुखतंय म्हणून आषाढातल्या त्या दिवशी आडवी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं बंद झालं होतं. दिवसकार्य झाल्यावर आमची मुलगी संयोगिता पुण्याहून दर रविवारी फोन करायला लागली. तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली मोकळी केलीय, ऑफिस बंद करा, सामान आवरा, साताऱ्यात एकटे भिंती बघत काय बसणार, असं तिचं म्हणणं. वाईट काही बोलत नव्हती. मी तिला म्हणालो, आष्ट्याचं एक काम आलंय. तुझ्या आईशिवायचं पहिलं. हे नीट झालं तर मी साताऱ्यात राहतो आणि कामं करतो. नाही झालं तर तू टेम्पो पाठव. ती म्हणाली, ठरलं. मलाही ठरवायचंच होतं. हे काम मला येतं का तिला येत होतं, ते मला बघायचं होतं.

रायगोंडा पाटील आष्ट्याचे. ऊस आहे, खताचं दुकान आहे, माणूस बोलायला मोकळा. सांगली-इस्लामपूर रस्त्याला त्यांनी शुद्ध शाकाहारी हॉटेलसाठी एक हॉल बांधून घेतला होता. पेठ नाक्यावर माझ्या बाकावर बसून जेवले होते, म्हणून मला बोलावलं. मी नेहमीप्रमाणे आधी त्यांच्या घरी गेलो. बरोबर अर्जुना होता. अर्जुना माझा जुना मिस्त्री, सगळी सुतारकामं त्याच्याकडं. गाडीची पुढची सीट राजेश्वरीनं पुढं ओढून घेतलेली आहे, ती उंचीनं लहान होती. मी ती सीट मागं सरकवलेली नाही. अर्जुना उंच माणूस, तो आपणहून मागं बसतो.

पाटलांच्या घरी बैठकीच्या खोलीत नकाशा पसरला. घरात त्यांची आई आणि बायको होत्या. आईंना सगळे आक्का म्हणत. आतून काहीतरी कुटायचा आवाज येत होता. चहा पडद्याच्या आतून आला, पाटलांनीच हातात घेतला आणि आणून ठेवला. मी सवयीनं पडद्याकडं बघत होतो. कुटायचा आवाज थांबला, पण हसायचा काही आला नाही. पाटील म्हणाले, पुण्यासारखं करा. आत आलं की गार वाटलं पाहिजे, लाइट मंद पाहिजे, गावचं हॉटेल वाटता कामा नये. मी हो म्हणालो. येताना गाडी कराडच्या पुढं आली तरी मी कान देऊन होतो. मागं अर्जुना घोरत होता.

काम चांगलं झालं. अजूनही तसंच म्हणतो. बाक केलं, पार्टिशन केलं, हात धुवायची जागा दारातून दिसेल पण जेवणाऱ्याला दिसणार नाही अशी काढली. छताला टांगते दिवे सोडले. पश्चिमेला पाटलांच्या उसाकडं उघडणाऱ्या तीन मोठ्या खिडक्या होत्या, त्या प्लाय मारून बंद केल्या आणि त्यावर कृष्णेच्या घाटाचा भिंतभर फोटो कापडावर छापून लावला. पाटलांना तो फोटो फार आवडला. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावून दाखवायचे.

उद्घाटन मार्गशीर्षातल्या एका रविवारी होतं. आदल्या दिवशी ट्रायल. आचारी, वाढपी सगळे ओळीनं उभे आणि घरच्यांनी पहिलं ताट जेवायचं, असं पाटलांनी ठरवलं होतं. आक्कांसाठी कांदा, लसूण, बटाटा नसलेलं वेगळं केलं होतं. आपण काढलेल्या हॉटेलात पहिला घास आईनं घ्यावा अशी पाटलांची इच्छा होती आणि ते आठवडाभर तेच सांगत होते.

आक्का पाच वाजायच्या सुमाराला आल्या. सुनेचा, ब्राह्मीताईंचा हात धरला होता. लहानखुरी बाई, फिकट लुगडं, अंगावर दागिना नाही. दारातून आत आल्या आणि वर दिव्यांकडं बघत उभ्या राहिल्या.

"दिवस मावळला व्हय रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई की आक्का. अजून वेळ हाय."

"मग दिवं कशाला लावल्यात? घालवा."

कुणीतरी बटण दाबलं. हॉलमध्ये काळोख झाला. एका वाढप्यानं मोबाईलची बॅटरी लावली आणि दुसरा फिदकन हसला. पाटलांनी परत दिवे लावायला सांगितले. आक्का रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मी दिव्यात जेवत न्हाई. माजं ताट भाईर द्या."

ही जैन मंडळी दिवस मावळायच्या आत जेवतात हे मला माहीत होतं. सांगली भागात कामं केलेल्या कुणालाही माहीत असतं. मला वाटायचं, घड्याळ बघून जेवत असतील. ताटात काय आहे, त्यात एखादा जीव तर नाही, हे सूर्याच्या उजेडात डोळ्यानं दिसलं पाहिजे, तरच घास घ्यायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. ती मला माहीत नव्हती. म्हणजे मी असा हॉल केला होता की ज्यात आक्का संध्याकाळीच काय, भर दुपारीही जेवू शकल्या नसत्या.

पाटलांनी खूप समजावलं. बाहेर पुढच्या बाजूला पार्किंग, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. मागच्या बाजूला भांडी घासायची जागा आणि उसाला पाणी सोडलेलं, सगळा चिखल. हॉटेल काढलं आणि आईला पार्किंगमध्ये बसवलं असं लोक म्हणतील, असं पाटलांचं म्हणणं. आजच्या दिवस चालवून घ्या म्हणाले. उद्या पाहुणे येणार, त्यांच्या आधी तुमचा घास पडू दे म्हणाले. आक्का म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे. सकाळी जेवीन घरी." आणि भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसल्या. पाय वर घेतले, मांडी घातली, पदर नीट केला. बाक अगदी बरोबर होतं.

मी ब्राह्मीताईंच्या जवळ गेलो. ताई, हे आधी कुणी मला बोललं का नाही, असं विचारलं. विचारताना माझा आवाज जरा चढला असेल. त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, "आमी बोलायचो की काका. घरात रोज बोलायचो. पर तुमच्या संगं कोण बाईमाणूस आलं न्हाई. मग सांगायचं कुणाला?"

त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, आष्ट्यात त्यांच्यातल्या कितीतरी घरांत एक तरी म्हातारं माणूस असंच आहे, हॉटेल शाकाहारी काढलंय म्हणून ती माणसं येतील असं मालकांना वाटतंय, पण ती दारापर्यंत येतील आणि परत जातील.

मी बाकावरच्या आक्कांकडं बघितलं. मग घाटाच्या फोटोकडं बघितलं. त्याच्या मागं खिडकी होती आणि खिडकीच्या मागं अजून दिवस होता.

अर्जुनाला म्हणालो, कटर आण.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हणाला, "सायेब, मागनं वायरिंग गेलीया. आन् फोटू वाचायचा न्हाई."

"कुठली खिडकी सोपी?"

"मधली. तिच्यावरनं वायर कमी हाय."

पाटील आडवे आले. उद्या उद्घाटन आहे, पत्रिका वाटल्यात, तुम्ही भिंत फोडायला निघालाय, डोकं फिरलं का काय तुमचं, असं बरंच बोलले. ते चुकीचं बोलत नव्हते. माझ्या धंद्यात आदल्या दिवशी, झालेल्या कामाला कुणी हात लावत नाही. उद्घाटन होऊ द्यायचं, पैसे घ्यायचे, मग बघू म्हणायचं. आक्का काय रोज थोड्याच येणार आहेत, असंही ते म्हणाले. तेव्हा आक्का बाकावरून नुसत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या आणि ते बोलायचे थांबले.

मी म्हणालो, "पाटील, हे काम मी अर्धंच केलंय. उरलेलं आत्ता करतो. उशीर झाला तर तो माझा."

त्यांनी हात झटकले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

अर्जुनानं मेन स्विच बंद करून वायरी बाजूला घेतल्या, परत चालू केला आणि कटर लावला. घाटाच्या पायऱ्या आडव्या कापल्या गेल्या. भुसा सगळ्या हॉलभर उडाला. वाढप्यांनी ताटांवर टेबलक्लॉथ टाकले, आचारी शिव्या देत आतलं दार लावून बसला. प्लायला डिंक लावून वर खिळे मारलेले, कारण मीच अर्जुनाला सांगितलं होतं की पुढं कधी निघायला नको. त्याचं काम पक्कं असतं. ते निघेना. मी पहार घेतली. माझं वय आता पहार घ्यायचं नाही, पण घेतली. आक्का नाकाला पदर लावून बघत होत्या. मध्येच ब्राह्मीताईंना म्हणाल्या, बाहेर जाऊन बघ किती राहिलाय. त्या जाऊन आल्या, म्हणाल्या, नारळाच्या खाली उतरला.

प्लाय निघाला. आत खिडकीची झडप रंगानं चिकटून बसलेली. अर्जुनानं तळहाताचे चार दणके दिले आणि ती उघडली. ब्राह्मीताईंनी दिवे घालवले.

उजेड सरळ आत आला. पिवळा, आडवा. भुसा अजून हवेत होता, तो सगळा दिसायला लागला. समोर पाटलांचा ऊस, तुरे आलेला, आणि त्याच्या वर एक हात सूर्य. टेबलावरची ताटं, पाण्याची भांडी, बाकाचा रंग, सगळं जसं आहे तसं दिसलं. मी तो हॉल करताना इतके दिवस दिव्यात बघितला होता. बाकाचा रंग मला वाटला त्यापेक्षा बराच तांबडा होता.

आक्का उठून खिडकीपाशी आल्या. बाहेर बघितलं. "हाय अजून," म्हणाल्या. "आना."

टेबल पुसून खिडकीपाशी लावलं. ताट आलं. भाकरी, दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, भात. त्यांनी ताट उजेडात जरा फिरवून नीट बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी बी बसा. दिवस हाय तवर."

मी म्हणालो, माझ्या अंगावर भुसा आहे, नंतर जेवतो.

"नंतर कशाला? मला एकटीला घास जात न्हाई. बसा."

मी हात धुऊन समोर बसलो. माझंही ताट आलं. पाटील तोवर दारात येऊन उभे होते. आईनं घास घेतलेला त्यांनी बघितला आणि मग ते आत आले, पण जवळ आले नाहीत. लांबच्या टेबलावर बसले आणि टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

आक्का भराभर जेवत होत्या. खिडकीकडं एकदा, ताटाकडं एकदा, असं बघत. जेवता जेवता विचारलं, मालकीण कधी गेली. मी सांगितलं, आषाढात. घरात कोण असतं, रांधतं कोण. मी म्हणालो, डबा येतो.

त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. मग म्हणाल्या, "आमचं मालक गेल्यावर मी लय दिस उभ्यानंच जेवायची. चुलीम्होरं. बसलं की समोरची जागा दिसती वो."

मी घरी ओट्यापाशी उभा राहून डब्यातूनच जेवतो. ताट घेत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, संयोगितालाही नाही, आणि त्यांनाही सांगितलं नाही. मी भाकरी मोडली. आमटीत मीठ कमी होतं. पण मी सगळी खाल्ली.

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला तेव्हा त्यांनी ताट स्वच्छ केलं, चूळ भरली, शेवटचं पाणी प्याल्या आणि भांडं पालथं घातलं. मग हात जोडून जरा डोळे मिटून बसल्या. कुणी दिवे लावले नाहीत. आचारीसुद्धा आतलं दार उघडून उंबऱ्यात उभा होता. त्या उठून दारापर्यंत गेल्या, तेव्हा कुठं पाटलांनी बटण दाबलं.

उद्घाटन दुसऱ्या दिवशीच झालं. कापलेल्या कडेवर झेंडूच्या माळा सोडल्या. पाहुण्यांना वाटलं, मुद्दाम तशी डिझाइन आहे. पाटील त्यांना सांगत होते, आमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांची सोय केली आपण. पुढच्या आठवड्यात त्यांनी बाकीच्या दोन खिडक्याही उघडायला लावल्या. फोटोचं कापड त्यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर पावसासाठी अंथरलं. रस्त्यावरून जाताना कृष्णेचा घाट तिथं अजून दिसतो.

उद्घाटनाच्या त्या रविवारी मी आणि अर्जुना परत निघालो. कराड मागं पडल्यावर मी बोलायला तोंड उघडलं. आक्का बाकावर कशा मांडी घालून बसल्या, त्यांना ते किती बरोबर झालं होतं, एवढं तरी सांगायचं होतं. डावीकडं बघितलं. सीट पुढं ओढलेली होती. मी तोंड मिटलं आणि काच खाली केली.

संयोगिताचा फोन आला, काम नीट झालं का म्हणून. मी म्हणालो, नाही झालं. मग टेम्पो बघू का, म्हणाली. ठरल्याप्रमाणे मी हो म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, थांब. जतचं एक काम आलंय. ती म्हणाली, आबा, तुम्ही शब्द दिला होता. मी म्हणालो, दिला होता. तू थांब.

जतचं काम बाळासोंचं. मेंढरं आहेत, आता विजापूर रस्त्याला लॉज आणि खाली जेवणाचा हॉल काढायचाय. मी त्यांच्या घरी गेलो. अर्जुनाला नेलं नाही. दारात टँकरच्या पाण्याची पिंपं भरून ठेवलेली. बाळासोंनी सोप्यात घोंगडं अंथरलं, बसा म्हणाले. मी म्हणालो, बसतो, पण आधी आत बसतो.

"आत?" ते म्हणाले. "आत काय हाय? आत बायका हायत्या."

मी म्हणालो, त्यांच्याशीच बोलायचंय. ते हसायला लागले. "आवं, लॉज बांधायचाय का भाकऱ्या थापायच्यात?" पण वयानं मी मोठा, नाही कसं म्हणणार. त्यांनी आत आवाज दिला आणि मला वाट दाखवली.

मी आत गेलो आणि आतलं बोलणं बंद झालं. तीन बायका होत्या. त्यांनी पदर घेतले आणि घरामागच्या परड्याच्या दारापाशी सरकल्या. तिथं आपसात हळू आवाजात कानडीत बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. राजेश्वरीलाही कानडी येत नव्हती. ती अशा घरात शिरल्यावर पहिलं वाक्य काय बोलायची? कुठं बसायची, दारापाशी का चुलीपाशी? कुणाकडं बघून हसायची? इतक्या वर्षांत मी ते एकदाही बघितलं नव्हतं. तेव्हा मी सोप्यात असायचो. तिनं बाहेर येऊन सांगितलेलं तेवढं मला माहीत.

भिंतीशी एक पाट होता. त्यावर बसलो. पुढ्यात एक पाटी भरून भुईमुगाच्या शेंगा होत्या, एका बाजूला थोडे फोडलेले दाणे. मी एक शेंग उचलली आणि फोडली. मग दुसरी. सोप्यातून बाळासोंचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता, काहीतरी म्हातारं आलंय, आत जाऊन बसलंय असं. परड्याच्या दारातल्या बायका एकदा हसल्या, मलाच हसल्या असणार. मी वर बघितलं नाही. चहा आला तो एका पोरीनं लांबूनच ठेवला आणि पळाली. चहा निवला. मी शेंगा फोडत राहिलो. अंगठ्याचं नख दुखायला लागलं.

बऱ्याच वेळानं त्यांच्यातली थोरली बाई आली. बाळासोंच्या आई, धोंडुबाई. समोर, हाताच्या अंतरावर, गुडघा उभा करून बसल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या, माझ्या हाताखालच्या ढिगाकडं बघत होत्या. दाणे आणि फोलपटं मी एकातच टाकली होती.

"फोलपटं येगळी टाका की वो," त्या म्हणाल्या. "सगळं एकात केलंसा."

मी म्हणालो, मला येत नाही. हे घरी बायको करायची.

त्यांनी पाटी आमच्या दोघांच्या मधे ओढली. मी फोलपटं वेगळी करायला लागलो. त्या बसून राहिल्या.